‘मेडिकलला नाही का मिळालं?’



आपल्याकडे मुलगी सायन्सला गेली की घरातली मंडळी मनातल्या मनात तिला डॉक्टर करून मोकळी होतात. केमिस्ट्री घेतली म्हटलं तर लोकांना औषधाचं दुकान आठवतं. बायोकेमिस्ट्री म्हटलं तर आधी "बरं, बरं" होतं आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "मेडिकलला नाही का मिळालं?"

हा प्रश्न मी पन्नास वर्षं ऐकते आहे. मी माझगावच्या कदूरी शाळेत शिकले, विल्सन कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले, लग्न होऊन १९७३ साली इंग्लंडला आले आणि निवृत्त होईपर्यंत हॉस्पिटलच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये नोकरी केली. नातेवाइकांत माझी ओळख "ती हॉस्पिटलमध्ये आहे" एवढीच. ऐकणारा मला नर्स समजायचा आणि सांगणारा त्याला दुरुस्त करायचा नाही.

आता तोच प्रश्न माझ्या बहिणीच्या नातीपुढे आला आहे. ती सतरा वर्षांची, इथेच जन्मलेली, मला मावशीआजी म्हणते. इंग्लंडात विद्यापीठांचे अर्ज यूकास नावाच्या एकाच संस्थेमार्फत जातात. पाच ठिकाणं निवडता येतात. मेडिकलसाठी मात्र त्यांतली चारच वापरता येतात, पाचवी जागा दुसऱ्या कोणत्या तरी विषयाला द्यायची. आपल्या मुलांच्या अर्जांत त्या पाचव्या जागी पुष्कळदा बायोकेमिस्ट्री नाहीतर बायोमेडिकल सायन्स लिहिलेलं असतं. म्हणजे पंगतीत उरलेलं पान. आमच्या पोरीचं म्हणणं वेगळं आहे. तिला पाचही ठिकाणी बायोकेमिस्ट्रीच हवी आहे. मेडिकलचा अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत द्यावा लागतो, म्हणून नव्याचा सण उरकतो न उरकतो तोच ताईचा अश्दोदहून फोन आला : "तू तिला समजाव. तुझं ऐकेल."

मी नातीशीही बोलले आणि ताईशीही. त्या बोलण्यातलं बरंच काही परदेशातल्या आपल्या सगळ्याच घरांच्या उपयोगाचं आहे, म्हणून इथे लिहिते.

आधी ताईची बाजू. डॉक्टरकीचा मान आपल्या समाजात उगाच आलेला नाही. डॉ. जेरुशा झिराड पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये शिकल्या, १९१९ साली त्यांनी तिथली एमडी मिळवली, पुढे १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या काळात बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगायला लाजत आणि बाळंतपणात जीव जात, त्या काळात आपल्यातली एक बाई हे काम करून गेली. आमच्या आईच्या पिढीने तिच्याकडे बघून मुली शिकवल्या. ताईच्या मनात विज्ञान शिकलेली बाई म्हणजे झिराडबाई, आणि त्यात काहीच वावगं नाही.

पण मी ताईला दुसऱ्या एका बाईची गोष्ट सांगितली. ती आपल्या समाजातली नाही, पण आपल्या भाषेतली आहे.

दुर्गाबाई भागवत तुम्हाला माहीत आहेत. त्यांची धाकटी बहीण कमला, पुढे लग्नानंतर कमला सोहोनी. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही केमिस्ट, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. १९३३ साली कमलाबाई केमिस्ट्री हा मुख्य विषय घेऊन मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीला पहिल्या आल्या आणि वडिलांच्याच संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. तिथे संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळवलेले. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्ज मुलीचा होता. कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि कारण विचारत रामन यांच्या दारात ठाण मांडून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिलं वर्ष परीक्षेचं, काम पसंत पडलं तरच पुढे मान्यता, आणि तिच्यामुळे तिथल्या मुलांचं लक्ष विचलित व्हायला नको. तिथे श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभराने रामन यांचं समाधान झालं आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ साली कमलाबाईंनी एमएस्सी मिळवली.

पुढच्या वर्षी त्या केंब्रिजला आल्या. तिथल्या बायोकेमिस्ट्री विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं होतं. वर्ष सुरू होऊन गेलेलं, विभागात बसायला जागा नाही. तिच्याविषयी लिहिलेल्या आठवणींत असं येतं की डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकाने आपलं टेबल दिवसा तिला दिलं आणि स्वतः रात्री काम करायचं ठरवलं. हा प्रसंग मला तिच्या पदवीपेक्षा मोठा वाटतो. लॅबमध्ये काम केलेल्या माणसाला विचारा, आपलं टेबल, आपल्या काचेच्या नळ्या, आपला लावलेला क्रम दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे काय.

पुढे कमलाबाईंनी रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम केलं. पेशीत अन्न जळतं तेव्हा इलेक्ट्रॉन हातोहात पुढे दिले जातात, विहिरीवर बायका कळशी पुढे देतात तसे. त्या रांगेत सायटोक्रोम नावाची लोहयुक्त प्रथिनं उभी असतात. वनस्पतीच्या पेशीतही सायटोक्रोम-सी श्वसनाच्या कामात असतं, हे त्यांनी दाखवलं. प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएचडी मिळाली. विज्ञानात केंब्रिजची पीएचडी मिळवणारी ही पहिली भारतीय स्त्री. आणि हे त्या विद्यापीठात, जिथे स्त्रियांना पदवीचं नाव मिळे पण विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व १९४८ सालापर्यंत मिळालं नव्हतं.

"मग पुढे काय केलं तिने?" ताईने विचारलं. बरोबर प्रश्न आहे. शिक्षण सगळेच सांगतात, पोट कशावर भरलं ते कोणी सांगत नाही. कमलाबाई परत आल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात बायोकेमिस्ट्री विभागाच्या प्रमुख झाल्या. मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. लग्नानंतर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या, तिथे विद्यार्थी घडवले आणि पुढे त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. डाळींतली प्रथिनं, तांदळाचे पदार्थ आणि नीरा हे त्यांच्या कामाचे विषय. नीरा म्हटल्यावर कोकणातल्या माणसाच्या जिभेवर सकाळची चव येते. ती नीरा कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना दिली तर फरक पडतो, हे त्यांनी तपासून दाखवलं आणि त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. स्टेथोस्कोप गळ्यात न घालता ही बाई आजारी माणसांच्या कामी आली.

आता केंब्रिजच्या त्याच विभागाबद्दल आणखी थोडं, कारण तो धागा आपल्या अगदी जवळ येतो. १९३३ साली जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि एप्रिलमध्ये कायदा करून ज्यू प्राध्यापकांना, संशोधकांना सरकारी नोकऱ्यांतून काढलं. फ्रायबुर्गमधून हान्स क्रेब्ज या तरुण डॉक्टरला काढलं. हॉपकिन्स यांनी त्याला केंब्रिजला बोलावून जागा दिली. दोन वर्षांनी तो शेफील्डला गेला आणि १९३७ साली त्याने ते चक्र मांडलं, जे आज प्रत्येक विद्यार्थी 'क्रेब्ज सायकल' म्हणून पाठ करतो. ‘नेचर’ने त्याचा लेख तेव्हा छापला नव्हता. १९५३ साली त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं. बर्लिनहून अर्न्स्ट चेन आला. तोही आधी हॉपकिन्सकडे राहिला, १९३५ साली ऑक्सफर्डला गेला आणि तिथे फ्लोरी यांच्याबरोबर पेनिसिलिन शुद्ध करून त्याचं औषध करण्याच्या कामाला लागला. १९४५ साली फ्लेमिंग आणि फ्लोरी यांच्यासह त्याला नोबेल मिळालं. त्याची आई आणि बहीण मागे राहिल्या होत्या, त्या वाचल्या नाहीत.

मायदेशाने हाकललेली ज्यू मुलं आणि मायदेशाने दार अडवलेली मराठी मुलगी, चारपाच वर्षांच्या अंतराने, एकाच माणसाच्या विभागात. हा काही योगायोग नव्हता. बायोकेमिस्ट्री हा विषयच तेव्हा नवा होता. इंग्लंडात त्याची पहिली प्राध्यापकाची जागा १९०२ साली लिव्हरपूलला झाली. डॉक्टरांच्या आणि जुन्या केमिस्टांच्या मधल्या या रिकाम्या जागेत अजून कोणाची मक्तेदारी नव्हती, म्हणून बायकांना आणि परक्यांना तिथे शिरायला वाव मिळाला. हॉपकिन्स यांनी तो वाव मोकळ्या मनाने दिला. त्यांच्या विभागात बायका मोठ्या संख्येने काम करत, ही गोष्ट त्या काळी विशेष मानली जाई.

कमलाबाई ज्या न्यूनहॅम कॉलेजच्या विद्यार्थिनी होत्या, तिथे १९३८ साली लंडनच्या एका ज्यू घराण्यातली मुलगी केमिस्ट्री शिकायला आली. तिचं नाव रोझलिंड फ्रँकलिन. तिचं डीएनएचं काम सगळ्यांना ठाऊक आहे, पण नातीला मी तिची नोकरीची वाट सांगितली. पदवीनंतर युद्धाच्या काळात ती कोळशावर काम करत होती : कोळशातली भोकं केवढी, त्यातून काय आत जातं, काय अडतं. त्यावरच तिने डॉक्टरेट मिळवली. मग पॅरिसला क्ष-किरणांनी पदार्थाची रचना बघायला शिकली. ती विद्या घेऊन १९५१ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजात डीएनएकडे वळली आणि १९५३ नंतर बर्कबेक कॉलेजात विषाणूंकडे. १९५८ साली, वयाच्या ३७व्या वर्षी ती गेली. कोळसा, डीएनए, विषाणू. पदवी एकच, केमिस्ट्रीची. अठराव्या वर्षी घेतलेला विषय हा रस्ता असतो, त्यावर कुठे उतरायचं ते पुढे ठरतं.

"हे सगळे नोबेलवाले झाले," ताई म्हणाली. "आपल्या पोरीचं बोल."

म्हणून मग मी माझं सांगितलं.

मी आले तेव्हा माझ्या भारतीय पदवीला इथल्या हॉस्पिटलात अर्धीच किंमत मिळाली. बीएस्सी होऊनही मला सगळ्यांत खालच्या श्रेणीत घेतलं, आणि माझ्यापेक्षा कमी शिकलेली मुलं वर. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी वर्ग असं करून मी इथल्या परीक्षा पुन्हा दिल्या. तेव्हा रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम ज्योतीवर मोजत असू. चुलीत मीठ पडलं की जाळ पिवळा होतो ना, तीच गोष्ट. सोडियमची ज्योत पिवळी, पोटॅशियमची फिकट जांभळी, आणि तिच्या उजेडावरून आकडा. पोटॅशियम फार वाढलं तर हृदय थांबतं, फार उतरलं तरी थांबतं. खाटेजवळचा डॉक्टर कितीही हुशार असला तरी हा आकडा त्याला रोग्याच्या तोंडाकडे बघून सांगता येत नाही. तो कोणीतरी काढून द्यावा लागतो. मधुमेहाने बेशुद्ध झालेलं मूल पहाटे तीनला येतं तेव्हा इन्सुलिन चालू असताना पुन्हा पुन्हा तो आकडा लागतो.

आजारपण शब्बाथ बघून येत नाही. माझी पाळी शुक्रवारी रात्रीही यायची. घरी किद्दुशचा पेला भरलेला असायचा आणि फोन वाजायचा. आपले पूर्वज कोकणात शनवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. तोरा हाती नव्हती, हिब्रू विसरली होती, पण बैल शनवारी सुटा ठेवला, आणि त्या एका सुट्ट्या बैलावर आपली ओळख टिकली. त्या लोकांची लेक मी, आणि शनवारी पहाटे बस पकडून यंत्र सुरू करायला जायची. सुरुवातीला ते माझ्या जिवाला लागायचं. माझे सासरे जुन्या वळणाचे, अलिबागकडचे, आयुष्यात शब्बाथला काडी न पेटवलेले. मला वाटलं होतं, तेच आधी नाराज होतील. पण त्यांनी मला समजावलं की जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायला आपला धर्म नुसती परवानगी देत नाही, तो मोडायलाच सांगतो. पिकुआह नेफेश म्हणतात ते हेच. त्यानंतर माझ्या पाळीच्या दिवशी ते माझ्यासाठी डबा झाकून ठेवायला सासूबाईंना स्वतः आठवण करत. लॅबमधल्या माझ्या कामाला घरात खरा मान पहिल्यांदा मिळाला तो त्यांच्याकडून, तोही शनवारी.

केमिस्ट्री आणि बायोकेमिस्ट्रीत फरक काय, असंही ताईने विचारलं. मी तेलावरूनच सांगितलं. खोबरेल तेलाची बाटली इंग्लंडच्या थंडीत गोठून बसते, तिळाचं तेल मात्र पातळच राहतं. दोन्हींची बांधणी एकच : ग्लिसरॉलला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या. पण खोबरेलातल्या साखळ्या आखूड आणि सरळ असतात, त्यांत लॉरिक आम्ल जवळजवळ निम्मं, म्हणून त्या शेजारीशेजारी नीट रचल्या जातात आणि २४ अंशांच्या खाली तेल गोठू लागतं. तिळाच्या तेलातल्या साखळ्यांना बाक असतो, त्यांची रास नीट लागत नाही. इथपर्यंत केमिस्ट्री. तेच तेल पोटात गेल्यावर कोण तोडतं, रक्तातून कोण वाहून नेतं, पेशीत कसं जळतं, उरलेलं कमरेवर कसं बसतं, हे बायोकेमिस्ट्री. ताई हसली. "म्हणजे आपल्या आजोबांचाच धंदा," म्हणाली.

एक गोष्ट तर तुमच्यापैकी इथे नातवंडं झालेल्या प्रत्येकाने पाहिली आहे. बाळ पाच दिवसांचं झालं की मिडवाइफ घरी येते, टाचेला टोचते आणि कागदावर रक्ताचे चार ठिपके घेते. बाळ रडतं, आजीचा जीव वरखाली होतो. त्या ठिपक्यांत इतर रोगांबरोबर फेनिलकीटोन्युरिया बघतात. हजारो बाळांत एखाद्याला अन्नातलं फेनिलॲलनिन पचवता येत नाही, ते साठतं आणि मेंदू कायमचा अधू होतो. बाळ जन्मतः अगदी गोंडस दिसतं, डॉक्टरलाही काही कळत नाही. हा रोग आहारातून आटोक्यात येतो, हे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्मिंगहॅमच्या मुलांच्या हॉस्पिटलात दिसलं. तिथे बिकेल आणि जेरार्ड या डॉक्टरांबरोबर एव्हलिन हिकमन्स होत्या, हॉस्पिटलच्या बायोकेमिस्ट. फेनिलॲलनिन काढून टाकलेलं अन्न लॅबमध्येच तयार करावं लागलं. १९६९ पासून इथे सगळ्या बाळांची ही तपासणी होते. बाळाची आई मिडवाइफला ओळखते, डॉक्टरला ओळखते. तो कागद ज्या खोलीत जातो तिथल्या माणसाला कोणी ओळखत नाही. पण मूल शाळेत जातं ते त्या खोलीमुळेही.

आता ज्यांच्या घरी हा प्रश्न आजच उभा आहे त्यांच्यासाठी व्यवहाराचं.

इंग्लंडात बीएस्सी तीन वर्षांची, स्कॉटलंडात चार. बऱ्याच ठिकाणी एक वर्ष वाढवून मास्टर्सपर्यंत एकत्र शिकता येतं, आणि कित्येक ठिकाणी मधलं एक वर्ष कंपनीत किंवा संशोधन संस्थेत पगारी काम करता येतं. ते वर्ष सोडू नका. पुढची नोकरी पुष्कळदा तिथूनच मिळते. बायोकेमिस्ट्रीला ए-लेव्हलमध्ये केमिस्ट्री जवळजवळ सगळीकडे लागते, बरोबर बायॉलॉजी किंवा गणित. मूल इस्रायल किंवा भारतातून येणार असेल तर फीचा प्रश्न आधी विचारा. इथल्या रहिवाशाची फी आणि बाहेरच्याची फी यांत फार अंतर आहे, आणि रहिवासी ठरायला सर्वसाधारणपणे आधीची तीन वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं.

दुसरी गोष्ट नीट वाचा, कारण ती माहितीपत्रकात ठळक लिहिलेली नसते. एनएचएसच्या लॅबमध्ये बायोमेडिकल सायंटिस्ट म्हणून नोंदणी हवी असेल तर पदवी त्यासाठी मान्यताप्राप्त लागते. बायोमेडिकल सायन्सच्या बऱ्याच पदव्या तशा असतात, साध्या बायोकेमिस्ट्रीच्या सहसा नसतात. मग वरून काही विषय पुरे करावे लागतात. दुसरी वाट क्लिनिकल सायंटिस्टची. त्यासाठी तीन वर्षांचं पगारी प्रशिक्षण असतं, त्यातच मास्टर्स होते आणि ते बायोकेमिस्ट्रीवाल्यांनाही खुलं आहे, पण स्पर्धा जबर आहे. माझ्यासारखं दुसऱ्यांदा परीक्षेला बसायचं नसेल तर कोणती वाट हवी ते पहिल्या वर्षीच बघून ठेवा.

संशोधनात जायचं तर पीएचडीला इथे विद्यावेतन मिळतं, तीन-चार वर्षं निघतात. त्यानंतर मात्र दोन-दोन वर्षांच्या करारावर फिरावं लागतं आणि संसार मांडायच्या वयात ते जड जातं, हेही मुलांना सांगायला हवं. औषध कंपन्या, अन्नाची आणि पाण्याची तपासणी, नव्या औषधांची सरकारी मंजुरी मिळवून देणारी कामं, पेटंटचं काम (तिथे विज्ञानाची पदवी आणि कायद्याच्या परीक्षा दोन्ही लागतात), हे सगळे रस्ते आहेत. शाळेत केमिस्ट्री शिकवायला इथे माणसं कमी पडतात, म्हणून शिक्षक-प्रशिक्षणाला बऱ्याच वेळा सरकारी मदतही मिळते. पगार डॉक्टरएवढा बहुतेक ठिकाणी नाही. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आणि पदवीनंतर मन पालटलंच तर पदवीधरांसाठी मेडिकलचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. म्हणजे दार बंद होत नाही, पण त्या दारावर नजर ठेवून तीन वर्षं बायोकेमिस्ट्री करायची नसते. अशी मुलं मी लॅबमध्ये पाहिली आहेत. शरीराने इथे, जीव तिथे. त्यांचं कामही नीट होत नाही आणि त्यांना सुखही लागत नाही.

नातीला मी एकच विचारलं. प्रयोग फसला की तुला काय वाटतं? तिने शाळेतला एक प्रयोग सांगितला, एन्झाइमचा. तीनदा फसला होता, आणि चौथ्यांदा का जमला हे शोधायला ती जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये थांबली होती. ताईला मी तेवढंच कळवलं. ताई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लोक विचारतील." मी म्हटलं, "विचारू देत. तू सांग, ती बायोकेमिस्ट होणार आहे. पुढे जमलं तर तेलाचंही सांग." अर्ज गेला आहे, पाचही ठिकाणी एकच विषय. कुठून काय येतं ते कळेलच.

आता तुमच्याकडे मागणं. आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना आपण डॉक्टर, वकील, पलटणीतले सुभेदार, शाळेच्या हेडमास्तरीणबाई, सिनेमातली माणसं यांची नावं नेहमी लिहितो. गिरणीच्या रंगखात्यात, औषधांच्या कारखान्यात, नगरपालिकेच्या पाणी तपासणीत, हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये आपली किती माणसं आयुष्यभर उभी राहिली, त्यांची नोंद कुठेच नाही. तुमच्या घरात असं कोणी असेल तर मला लिहा. कोणत्या साली, कोणत्या गावी, नेमकं काय काम करत, आणि जमलं तर लॅबमधला एखादा फोटो. अजून काम करत असतील तर त्यांना विचारा, सतराअठरा वर्षांच्या मुलांशी अर्धा तास फोनवर बोलाल का? आमच्या पोरीला बोलायला मावशीआजी होती. सगळ्यांना ती नसते.